त्या शनिवारी मी गायले होते का

पुण्यात मी चौदा वर्षं राहिले आणि पुणं सोडल्यावर सव्वीस वर्षं तिकडे फिरकले नाही. फोन होत असत. दिवाळीला, कोणाच्या मुलाबाळाचं लग्न ठरलं की, कोणी गेलं की. पण प्रत्यक्ष जायचं म्हटलं की काहीतरी कारण निघायचं, आणि ते बहुतेक वेळा मीच काढलेलं असायचं.

यंदा बाईचा फोन आला. बाई म्हणजे माझी मैत्रीण. ती मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची, म्हणून सगळेच तिला बाई म्हणत आणि मीही तेच म्हणायला लागले. "हे बघ," ती म्हणाली, "तू मला भेटायला येणार आहेस की फोटोला हार घालायला, तेवढं नक्की सांग. त्या हिशोबाने खुर्च्या मांडायला बऱ्या." मी म्हटलं, येऊन राहिले. "येऊन राहिले नाही, येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चौदा वर्षं तिनं माझं मराठी असंच दुरुस्त केलं होतं.

मी वर्धेची. एकोणिसाव्या वर्षी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून पुण्याला लागले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते आणि आमच्या वस्तीत गाणी म्हणायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला त्यांच्या आवाजाशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. त्यांचा आवाज थोडा माझ्याकडे आला होता. बिबवेवाडीत मी खोली घेतली तेव्हा वरच्या मजल्यावर बाई राहायची. एकदा कपडे वाळत घालताना मी गुणगुणत होते. तिनं गॅलरीतून वाकून विचारलं, "कोण शिकवतं तुला?" मी म्हटलं, कोणी नाही. "ते कळतंच आहे," ती म्हणाली, "शनिवारी दुपारी वर ये."

शनिवारी मार्केट यार्ड बंद असतं, म्हणून शेठही यायचे. त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. तबला ते कोणाकडे शिकले हे आम्हाला कधी नीट कळलं नाही, पण हात असा गोड की बाईसुद्धा त्यांना टोमणा मारताना जपून मारायची. बाई पेटीवर, शेठ तबल्यावर आणि मी गाणार, असं आमचं किती वर्षं चाललं. मग एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला तासभर मिळाला, तोही शनिवारीच. शेवटी मी वडिलांचं एक गाणं म्हणायचं असं ठरलं.

आणि त्या शनिवारी मी गेले नाही.

हे मी सव्वीस वर्षं मनात घेऊन फिरले. इस्त्रीची साडी नेसून मी बसमध्ये बसले, वाचनालयाचा थांबा आला, दार उघडलं, आणि मी उठले नाही. त्या सभागृहात आपला 'ण' कुठेतरी घसरेल आणि पहिल्या रांगेतलं कोणीतरी शेजारच्याकडे बघून हसेल, एवढी साधी भीती होती. मला हसले असते तर चाललं असतं. वडिलांच्या गाण्याला हसले असते तर काय केलं असतं, कोण जाणे. बस कात्रजला गेली. तळ्याच्या कठड्यावर मी दिवस मावळेपर्यंत बसून राहिले. पुढे महिनाभरात आईच्या आजारपणामुळे बदली मागितली, ती मिळाली, आणि मी वर्धेला निघून आले. त्या दिवसाबद्दल आमच्यात एकही शब्द झाला नाही. माफी मागायची राहिली होती, ती आता मागायची एवढं ठरवून मी गाडीत बसले.

पुणे स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. बाई आता मांजरीला राहते, हे मला माहीत होतं. पत्ता मोबाइलमध्ये होता. तरी मी मेट्रोत बसले, मध्ये एकदा बदलली, स्वारगेटला उतरले, रिक्षा केली आणि बिबवेवाडीला जाऊन उभी राहिले. हे सगळं मी का केलं, ते मला सांगता येणार नाही. पाय गेले. आमची बिल्डिंग जिथं होती तिथं निळे पत्रे लावलेले आणि आत खड्डा. समोरचं दुकान आमच्या किराणावाल्याचं वाटलं म्हणून मी आनंदानं आत गेले, तर ते केस कापायचं दुकान निघालं, आणि तिथल्या माणसानं सांगितलं की किराणा दुकान इथं कधीच नव्हतं, ते पुढच्या गल्लीत होतं.

तेवढ्यात बाईचा फोन. "कुठं आहेस?"

"बिबवेवाडीत."

"तिथं कोणाला भेटायला आलीस? कारण मी तर मांजरीला आहे."

मांजरीला पोचायला पाऊण तास लागला. गंमत म्हणजे माझी गाडी सकाळी मांजरी स्टेशनवरूनच पुढे आली होती. मी खिडकीतून उंच इमारती बघितल्या होत्या आणि हे कुठलं गाव असं मनात म्हटलंही होतं. बाईचं घर अकराव्या मजल्यावर. खाली दोन इमारतींच्या मध्ये अजून उसाचा एक तुकडा उभा होता.

बाईनं दार उघडलं आणि मला आपादमस्तक बघितलं. "बारीक झालीस. नाश्त्याला पोहे आहेत, तुमच्याकडच्यासारखी तर्री नाही मिळायची." मग तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिची बोटं वाकडी झाली होती, सांधे सुजलेले. पेटी मात्र दिवाणाजवळ काढून ठेवली होती.

शेठ आधीच येऊन बसले होते. केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा, पण बसणं तसंच ताठ. आता गाळा मुलगा बघतो, तरी रोज सकाळी ते जातातच. "शनिवार आहे, यार्ड बंद," ते म्हणाले, "नाहीतर ताई, तुम्हाला भेटायला यार्डातच बोलावलं असतं."

चहा झाला. लांबवलं तर राहून जाईल, म्हणून कप खाली ठेवल्या ठेवल्या मी बोलून टाकलं.

"मला तुम्हा दोघांची माफी मागायची आहे. वाचनालयाच्या कार्यक्रमाला मी आले नाही. बसमध्ये होते. उतरले नाही. घाबरले."

मला वाटलं होतं, बाई काहीतरी कोरडं बोलेल आणि विषय संपेल. ती पदरानं चष्मा पुसायला लागली.

"तू न येण्याचा प्रश्न कुठं येतो?" ती शेवटी म्हणाली. "मीच तुला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं."

मला आधी वाटलं ती माझी समजूत घालते आहे. पण बाई कोणाची समजूत घालत नाही. तिनं सांगितलं ते असं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी वाचनालयाच्या समितीतले एक गृहस्थ शाळेत आले. बाकी सगळं उत्तम आहे म्हणाले, फक्त शेवटचं गाणं राहू द्या, ते आपल्या श्रोत्यांच्या पठडीतलं नाही. "पठडी म्हणजे काय ते मला कळलं होतं," बाई म्हणाली. "आणि कळूनही मी बरं म्हटलं. त्यांना काही बोलायची हिंमत झाली नाही. मग तुला काय तोंड दाखवायचं? तुझ्या कचेरीत फोन करून निरोप ठेवला, कार्यक्रम पुढे ढकलला म्हणून. चक्क खोटं. कार्यक्रम झाला. मी आणि शेठनी केला. नंतर तुला कळलं असणार, म्हणून तू बदली मागितलीस. इतकी वर्षं मी हेच धरून बसले आहे."

"मला असा निरोप मिळालाच नाही," मी म्हटलं.

"मिळाला. तुझ्या हेडक्लार्कनं घेतला."

"मग मी साडी नेसून बसमध्ये कशाला बसेन?"

"ते मला कसं माहीत असणार?"

मी आठवायला लागले. आणि खरं सांगते, आठवू गेल्यावर तो कठडा, ते तळं, मांडीवरची पर्स, सगळं होतं, पण वाचनालयाच्या थांब्यावर मला नेमकं काय वाटत होतं ते हाताला लागेना. भीती होती की राग होता? निरोप मिळाला असेल आणि मी मुद्दाम बघायला निघाले असेन का? बसमधून उतरले नाही ते घाबरून, की दाराशी लोक जाताना दिसले म्हणून? जी गोष्ट मी हजार वेळा मनात उजळली होती, तिचा मधला तुकडा नव्हताच. आणि तो नव्हता हे मला आतापर्यंत कळलं नव्हतं.

शेठ दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "तुमचं झालं का?" ते म्हणाले. "कारण ताई गायल्या."

"कुठं?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"वाचनालयात. मी तबल्यावर होतो की. मध्येच लाइट गेले, माइक बंद पडला आणि ताईंनी तसंच म्हटलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक उभे राहिले. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, असा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. हे काय मी स्वप्नात बघितलं?"

"ते शाळेचं स्नेहसंमेलन असणार," बाई म्हणाली.

"शाळेत माझा तबला कधी नव्हता. तुमच्या शाळेत पुरुष माणसाला फाटकातून आत तरी सोडायचे का?"

 

बाई उठली, कपाटातून एक पत्र्याची पेटी काढून आणली. तिच्याकडे सगळं जपलेलं असतं. थोडं शोधल्यावर त्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका सापडली. पिवळी पडलेली, पण त्यावर आमची तिघांची नावं स्पष्ट होती. माझंही होतं.

"बघा," शेठ म्हणाले.

"ही पंधरा दिवस आधी छापली होती," बाई म्हणाली. "नाव छापलं म्हणजे माणूस गायला असं होत नाही."

मी पत्रिका हातात घेऊन बसले. मला कोणावर विश्वास ठेवायचा होता ते सांगू? शेठवर. त्या अंधारात माइकशिवाय गाणाऱ्या त्यांच्या ताईवर. पण तिच्यातलं काहीच मला ओळखू येत नव्हतं.

"जाऊ द्या," शेठ म्हणाले. "आज तरी सगळे एकाच खोलीत आहेत. वाजवायचं का?"

बाईनं पेटी पुढे ओढली. वाकड्या बोटांनी सूर धरला, मधूनच एखादी पट्टी चुकायची, मग ती स्वतःवरच चिडून "हं" करायची. शेठनी तबला ठोकून सुरात आणला. माझा आवाज किती दिवसांत कुठं लागला नव्हता. पहिल्यांदा नुसती हवा आली. बाई म्हणाली, "घाई नाही. आम्ही सव्वीस वर्षं थांबलो आहोत, अजून पाच मिनिटं थांबू." मग भूपातल्या दोन जुन्या बंदिशी झाल्या. दुसऱ्या बंदिशीत मी एका जागी चुकून भलतीकडे गेले, शेठनी ठेका तसाच सांभाळून मला परत आणलं आणि तिघंही हसलो. दुपारचं ऊन बाल्कनीतून आत आलं होतं. मघाचा सगळा गोंधळ बाजूला राहिला.

मग बाईनं काही न विचारता वडिलांच्या गाण्याचा सूर धरला. आणि मी तोंड उघडायच्या आत ती स्वतः म्हणायला लागली:

*पाटी-लेखणी दे ग माये, टोपली ठेव खाली*

मला धृपद येत होतं. पहिलं कडवं अर्धं आठवत होतं. बाई तिन्ही कडवी न अडखळता म्हणाली. तिसरं कडवं तर मी पार विसरले होते. त्यातली आई शाळेच्या खिडकीखाली उभी राहून आपल्या मुलीचा आवाज ऐकते. ते कानावर पडलं आणि मला वर्धेच्या घराच्या ओट्यावर बसलेले वडील दिसले. माझे डोळे भरून आले.

"तुला एवढं पाठ कसं?" मी विचारलं.

बाई पेटीचा भाता बंद करत म्हणाली, "तुला आणखी एक सांगायचं राहिलंय. हे गाणं मी शाळेत शिकवलं. तू गेल्यावर पुढच्याच वर्षी. मग निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, सातवीच्या मुलींना. तुला विचारलं नाही. विचारायला फोन करायचा तर आधी दुसरं बोलावं लागलं असतं."

तिनं पत्र्याच्या पेटीतून शाळेची गाण्यांची वही काढली. तिच्या वळणदार अक्षरात आमचं गाणं होतं. वर कंसात लिहिलं होतं: पारंपरिक.

मी तो शब्द दोनदा वाचला. किती मुलींनी हे गाणं म्हटलं असेल, त्यांतल्या कितीजणी आता आया झाल्या असतील, कोणी कुठल्या देशात आपल्या मुलीला म्हणूनही दाखवत असेल, या विचारानं छाती भरून आली. आणि त्याच वेळी त्या एका शब्दानं काहीतरी टोचत होतं. माझ्या बापाला त्या एका शब्दात पुसून टाकलं होतं. कोणावर रागावू? जिच्यामुळे गाणं जिवंत राहिलं तिच्यावर? मला हसूही येत होतं, संतापही येत होता, आणि यातलं आधी काय बाहेर काढावं ते कळत नव्हतं.

"आणि 'टोपली' नाही," मी म्हटलं. एवढंच सुचलं. "आमच्याकडे 'टोपलं' म्हणतात. बाबा 'टोपलं' म्हणायचे."

"मुलींच्या तोंडात बसत नव्हतं."

"बाबांच्या तोंडात बसायचं."

बाईनं वही आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "चुकलं माझं." तिच्या तोंडून हे दोन शब्द मी पूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी कसंतरीच झालं. तिनं पेन आणलं, 'पारंपरिक' खोडलं, आणि मला वडिलांचं पूर्ण नाव विचारून त्यावर लिहिलं. 'टोपली'चं 'टोपलं' केलं. शाईच्या पेनानं.

मला राहवलं नाही. वर्धेला धाकट्या भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. की बाबांचं गाणं पुण्याच्या शाळेत इतकी वर्षं म्हणत होते, आणि आता त्यावर त्यांचं नावही आलं.

"कोणतं गाणं?" त्यानं विचारलं. मी धृपद म्हणून दाखवलं.

"ते बाबाचं कुठं होतं?" तो म्हणाला. "ते तर मायचं होतं."

"काय बोलून राहिला तू?" माझ्या तोंडून पुन्हा वर्धा बाहेर आली.

"अवो, मायनं चुलीपाशी बसून जुळवलं होतं ते. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून बाबा पाठ करून म्हणायचे. तू पुण्याला होतीस, तुला काय माहीत? मला तर असंच आठवते. मोठ्या काकाला विचारलं असतं, पण तो काही राहिला नाही."

फोन ठेवला. आईच्या तोंडून कधी गाणं ऐकलं होतं का, ते मी आठवून बघत होते. जात्यावर नाही, चुलीपाशी नाही, कुठंच नाही. आई गाते हेच मला माहीत नव्हतं. की माहीत होतं आणि मी वडिलांकडेच बघत राहिले होते?

"आता?" बाईनं वहीवर पेन तसंच धरून विचारलं. "खोडू?"

"नको."

"मग प्रश्नचिन्ह टाकू?"

"ते तर मुळीच नको."

शेठ म्हणाले, "अहो, दोन्ही लिहा ना. नवरा-बायकोच तर आहेत."

बाईनं वडिलांच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. मला वाटतं, आईचं नाव कागदावर, रेशनकार्ड सोडून, मी पहिल्यांदाच लिहिलेलं बघत होते. बाईनं ते अक्षर न अक्षर नीट काढलं, बोटं दुखत असतानाही.

मग आम्ही गाणं पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी मी पुढे आणि बाई मागे. धृपदात मी 'टोपलं' म्हटलं, बाईनं सवयीनं 'टोपली' म्हटलं, आणि दोन्ही शब्द एकमेकांवर आदळले. शेठनी थापही चुकवली नाही. तिसरं कडवं मी वहीत बघून म्हटलं. खिडकीखालची ती आई माझी होती का, वडिलांनी बघितलेली कोणी होती का, का ते बाईनंच कधीतरी शाळेत जोडलं होतं, हे विचारायचं माझ्या मनात आलं. मी विचारलं नाही. एका दिवसात तेवढं पुरे होतं.

चारला शेठ उठले. रविवारी यार्डात गर्दी असते, पहाटे जावं लागतं. दाराशी चप्पल घालताना ते म्हणाले, "ताई, काही म्हणा, तुम्ही गायला होता." बाई आतून म्हणाली, "जा आता, लिफ्ट जाईल." ते गेले. आम्ही दोघी बाल्कनीत बसून राहिलो. खालच्या उसात कोणीतरी पाणी सोडत होतं. बाईनं विचारलं, जेवायला काय करू? मी म्हटलं, काहीही कर, मी पीठ मळते. आणि मी स्वयंपाकघर समजून चुकीचं दार उघडलं. ते बाथरूमचं होतं.